चिकटलेली पानं

पूर ओसरला, चौथ्या दिवशी दार ढकलून उघडलं.
आईचं बायबल कपाटाच्या मधल्या फळीत,
चहात पडलेल्या पावासारखं फुगलेलं.
प्रेमला म्हणाली, नदीत सोडून देऊ या.
म्हटलं, नदीनंच तर आत येऊन वाचलंय ते.

मग पानापानात टाल्कम पावडर, वर मंद इस्त्री.
मिरजेच्या मिशन दवाखान्यात लाँड्रीला होतो एकतीस वर्षं.
रक्ताचा डाग गार पाण्यानं जातो, पू उकळत्या,
हे मला कळतं.
कृष्णेच्या गाळाचं नाही कळत.

आधी सुटली यशयाची पानं.
पाण्यातून चालशील तेव्हा मी बरोबर असेन,
अशा अर्थाचं काही,
कडेला आईच्या लाल पेन्सिलीची उभी रेघ.
मला हसू आलं. बरं नव्हे, ते दुसरं.
म्हटलं, बापा, खणभागात छातीएवढं होतं.
बोट आली अकराला, आधी अत्तारांकडचे गेले, मग आम्ही.
तू नक्की कुठल्या फेरीला होतास?

उत्तर आलं नाही.
ओल्या कागदाचा वास तेवढा वर आला,
आणि त्याच्याबरोबर, का कोण जाणे, तो पोरगा.
कवलापूरचा का कुठला, नाव विचारायचं राहिलं.
सासूबाईंना पाठीवर घेऊन जिना उतरला,
भीतीनं त्यांना आवरलं नाही, त्याचा शर्ट भिजला,
तर म्हणाला, असू द्या आजी, तसाही ओलाच आहे.

मी काही सिद्ध करत नाही.
इस्त्री तेवढी थोडा वेळ उभी करून ठेवली.

मत्तयाचं पाचवं मात्र सुटेना.
दोन पानं एकमेकांना घट्ट,
ब्लेड घातलं असतं तर निघाली असती.
घातलं नाही.
आत काय आहे ते मला ठाऊक होतं.
जमिमाबाई रविवारच्या शाळेत
एका वचनाला एक श्रीखंडाची गोळी द्यायच्या.
गोळी तेव्हाच विरघळली.
वचन अजून दाढेत आहे.

वेदीपाशी आलास आणि आठवलं, की भावाच्या मनात
तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव,
आधी त्याच्याकडे जा.
त्याच्या मनात, बरं का. माझ्या नव्हे.
लहानपणी हा फरक कळला नव्हता, गोळी चघळत होतो.

शद्रख विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, कोरडा.
कुपवाडच्या दीड गुंठ्यावरून सहा वर्षं बोलणं नाही.
पुराच्या दोन दिवसांत त्याचे अकरा फोन आले.
मोजले मी.
एकही उचलला नाही, बॅटरी मरेपर्यंत
ते नाव उजळताना बघत बसलो माळ्यावर.
हे प्रेमलालाही सांगितलेलं नाही.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब भलतंच काही वाचत होते,
देवळाच्या मोजमापांचं, हात आणि वीत.
पिशवी फिरत आमच्या बाकापर्यंत आली.
विसाची नोट मुठीत घाम पिऊन मऊ झालेली.
पिशवी पुढे दिली. उठलो.
करुणा कुजबुजली, पप्पा, बरं वाटत नाही का?
नाही, म्हटलं. खरंच होतं ते.

शद्रखनं बनियनवरच दार उघडलं.
केस पांढरे झालेत त्याचे, कानामागे आईसारखे.
मी पाठ केलेलं एकही वाक्य तोंडात येईना.
तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला,
चप्पल आत घे, कुत्रं पळवतं.

चहा झाला. प्लॉटचं काही ठरलं नाही.
फोनचं त्यानं विचारलं नाही,
मीही अजून सांगितलेलं नाही. सांगावं लागेल.
विसाची नोट येताना वडापला गेली.
पुढच्या रविवारी चाळीस टाकेन.

ती दोन पानं अजून तशीच आहेत.